वर्गणीदारांच्या शोधात



आजच्या भाषणासाठी घेतलेला विषय ऐकून काहींना किंचित नवल वाटेल. वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथांचे गुणदोष सांगितले जातात, ग्रंथकारांची चरित्रे सांगितली जातात. परंतु एखादे मासिक वा साप्ताहिक पहिल्या अंकापासून दुसऱ्या अंकापर्यंत कसे पोचले, कागदवाल्याचे देणे कोणी फेडले आणि संपादकाच्या घरची चूल कशावर पेटली, याची चौकशी करणे आपल्याकडे बहुधा शिष्टाचारास सोडून समजतात. सरस्वतीच्या देवळात लक्ष्मीचे नाव काढू नये, असा एक संकेतच होऊन बसला आहे. मला हा संकेत मान्य नाही. छापखान्याचे बिल थकले म्हणजे उत्तमोत्तम लेखदेखील टेबलाच्या खणात पडून राहतात. म्हणून नवे नियतकालिक कसे वाढते आणि ते काढणाऱ्यास त्यातून चार पैसे कसे मिळतात, किंवा मिळत नाहीत, याचा मराठीतील इतिहास आज थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

मी राहतो ते धानोरा हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पूर्वेस मुरुमगाव ओलांडले की छत्तीसगडची हद्द लागते. घरी गोंडी, बाजारात झाडीबोली अथवा छत्तीसगढी, आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तीन-चार भाषांच्या मेळ्यात येथील मूल वाढते. शिक्षकाच्या नोकरीत असताना आम्ही मुलांकडून हस्तलिखित काढून घेत असू. त्याची प्रत एक, वाचक शाळेतले, आणि खर्च कागद व शाईपुरता. तेव्हा त्याला तोट्याची भीती कधीच नव्हती. अलीकडे मात्र तालुक्यातील काही तरुण येऊन विचारतात, "गुरुजी, आपल्या भागाचे एक मासिक काढावे म्हणतो. चालेल काय?" या 'चालेल काय' मध्ये दोन प्रश्न आहेत. लोक वाचतील काय, हा एक. आणि त्यावर पोट भरेल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ज्याचे त्याने लिहून पाहावे. दुसऱ्यासाठी मात्र मागे वळून पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीतील पहिले वर्तमानपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. बाळशास्त्री जांभेकर त्या वेळी जेमतेम विशीत होते. पत्राच्या एका स्तंभात इंग्रजी व शेजारच्या स्तंभात मराठी अशी त्याची मांडणी होती. प्रथम ते पाक्षिक होते, आणि चारच महिन्यांत, म्हणजे मे १८३२ मध्ये, साप्ताहिक झाले. या द्विभाषी मांडणीमागे ज्ञानप्रसाराचा हेतू होता तो होताच. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहता तिचा आणखी एक अर्थ दिसतो. निव्वळ मराठी वाचणारा आणि वाचनासाठी पैसा मोजणारा वर्ग त्या काळी इतका लहान होता, की इंग्रजी जाणणारे एतद्देशीय आणि मराठी शिकू पाहणारे साहेबलोक या दोघांनाही सोबत घेतल्यावाचून पत्राचा संसार मांडणेच अशक्य. वर्गणीदार शेकड्यांतच मोजावे लागत. तरीही 'दर्पण' १८४० पर्यंत, म्हणजे साडेआठ वर्षे चालले. बाळशास्त्र्यांचा चरितार्थ मात्र त्यावर कधीच अवलंबून नव्हता. ते एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक होते. पत्र हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग, आणि तोही विनावेतन.

हा पायंडा पुढे शंभर वर्षे टिकला. आपल्या नामवंत संपादकांची यादी काढून प्रत्येकापुढे 'हा जेवत कशावर होता?' असा एकच प्रश्न लिहावा. उत्तरे मोठी बोधक येतात. कोणी मास्तर, कोणी वकील, कोणी घरचा शेतकरी. निव्वळ पत्रावर जगलेला विरळा. ज्या थोड्या पत्रांच्या पाठीशी मिशन होते त्यांची गोष्ट निराळी. १८४२ साली निघालेला 'ज्ञानोदय' आजवर टिकला, त्याचे एक कारण त्याच्यामागे संस्था होती हेही आहे.

आता ज्या उदाहरणापाशी मला थोडे अधिक थांबावयाचे आहे ते 'निबंधमाले'चे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी २५ जानेवारी १८७४ रोजी मालेचा पहिला अंक काढला आणि पुढे सात वर्षांत तिचे ८४ अंक झाले. आपण सामान्यतः ज्याला मासिक म्हणतो त्यात दहा लेखक असतात. येथे लेखक एक, संपादक तोच, चालकही तोच. एका माणसाने दरमहा आपल्या मनास येईल त्या विषयावर लिहावे आणि ज्यांना ते आवडेल त्यांनी वर्गणी पाठवावी, एवढ्या साध्या पायावर ही सारी उभारणी होती. चिपळूणकरांपुढे इंग्रजीतील आदर्श होते. त्यांचा आवडता ग्रंथकार डॉ. जॉन्सन याने १७५० पासून दोन वर्षे 'रॅम्बलर' नावाचे निबंधपत्र आठवड्यातून दोनदा काढले होते. त्याचे २०८ अंक झाले आणि मोजके चार-पाच सोडले तर सारे त्याने एकट्याने लिहिले. प्रत्येक अंकाचा खप पाचशेपर्यंतही जात नसे. तरी प्रकाशक जॉन्सनला अंकामागे दोन गिनी देत, आणि पुढे त्या निबंधांची पुस्तके निघाली तेव्हा जॉन्सनच्या हयातीतच त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या. थोडक्यात, सुट्या अंकाने नाव मिळविले आणि बांधलेल्या पुस्तकाने पैसा मिळविला.

हा धडा चिपळूणकरांनी ओळखला होता असे त्यांच्या पुढील उद्योगांवरून दिसते. वडिलांबरोबर 'शालापत्रका'चे संपादन करताना त्यांना या कामाची तालीम आधीच मिळाली होती. माला सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते व ती नोकरी त्यांनी लगेच सोडली नाही. १८७५ साली त्यांनी 'किताबखाना' हे पुस्तकांचे दुकान काढले. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक त्यांच्या सहभागाने निघाले, आणि त्याच वर्षी 'चित्रशाळा' उभी राहिली. चित्रशाळेने रंगीत शिळाछापाची देवादिकांची चित्रे काढली, ती घरोघर भिंतींवर लागली. निबंध विकत घेणारा एक, तर रामपंचायतनाचे चित्र विकत घेणारे शंभर. हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला सांगावा लागत नाही. नोकरी सोडण्याचे धाडस त्यांनी केले ते १८७९ साली, म्हणजे मालेला पाच वर्षे झाल्यावर आणि दुकान व चित्रशाळा मार्गी लागल्यावर. चिपळूणकरांची धगधगती देशभक्ती आपण शाळेत शिकवितो; ही धिमी व्यावहारिक बुद्धी शिकवीत नाही. मला तीही तितकीच आदरणीय वाटते. त्यांची सारीच मते मला पटतात असे नाही. फुल्यांसंबंधी त्यांनी जे लिहिले ते कोत्या मनाचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु एका लेखणीच्या आधारावर चार संस्था उभ्या करणारा हा गृहस्थ १८८२ साली, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याच्या आतच वारला, हे आठवले की मन चकित होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती वाङ्मयाच्या पुस्तकांत सापडत नाही. ती टपालखात्याची आहे. पुण्यात छापलेला अंक वऱ्हाडात वा खानदेशात पोचविणे हे टपालाने सोपे केले होते. परंतु तेथून वर्गणीचा रुपया पुण्यास यावा कसा? दर खेपेस रुपया-दोन रुपयांसाठी हुंडी कोण करणार? कोणी टपालाची तिकिटे पाकिटात घालून पाठवी, कोणी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती देई, आणि पुष्कळजण काहीच करीत नसत. मग १८७७ साली टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल, म्हणजे आपण ज्याला व्ही. पी. म्हणतो, ती पद्धत सुरू केली; आणि १८८० पासून मनिऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून टपालकचेऱ्यांकडे आले. आता पोस्टमन दाराशी अंक घेऊन उभा राही, पैसे घेई व अंक हाती देई. संपादकाचे पैसे आपोआप त्याच्या गावी पोचत. 'केसरी' निघाला तो ४ जानेवारी १८८१ रोजी. टिळक-आगरकरांच्या त्यागाविषयी आपण बोलतो ते योग्यच आहे. परंतु त्यांचे पत्र अगदी नेमक्या वेळी निघाले, हेही ध्यानात घ्यावे. दहा वर्षे आधी ते निघते तर दूरगावच्या वर्गणीदारांकडून पैसा गोळा करणे किती जड गेले असते, याची कल्पना करावी.

व्ही. पी. ला एक काटाही होता. वर्गणीदाराने ती परत केली तर जाण्यायेण्याचा खर्च मालकाच्या माथी बसे. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठांवर "व्ही. पी. परत करून आमचे नुकसान करू नये" अशा आर्जवाच्या सूचना ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना त्यामागील कळवळा समजेल. आणि थकबाकी! मराठी वाचक अंक घेण्यात उदार व पैसे देण्यात सावध, अशी तक्रार बहुतेक प्रत्येक संपादकाने कधी ना कधी केलेलीच आहे. आगाऊ वर्गणीवाचून अंक पाठवू नये, हा नियम सर्वांना ठाऊक असे. परंतु ओळखीच्या माणसाचे नाव यादीतून कमी करण्याचे धैर्य फार थोड्यांना होई.

'केसरी'च्या अर्थकारणाबद्दल फार सांगत नाही, कारण त्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. पहिल्याच दोन वर्षांत कोल्हापूरच्या प्रकरणावरून टिळक-आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढे मतभेद झाले, टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, आणि १८९१ च्या सुमारास दोन्ही पत्रे त्यांच्या एकट्याच्या मालकीची झाली ती कर्जासकट. तेव्हा प्रपंचासाठी टिळकांनी वकिलीच्या परीक्षेचे वर्ग चालविले आणि लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागी घेतली. लोकमान्यांनी जिनिंगचा धंदा केला, हे ऐकून काही भाविकांना अवघडल्यासारखे होते. मला तर त्यात आनंद वाटतो. पत्रावर पोट नसले म्हणजे पत्रात काय लिहावे हे पोट ठरवीत नाही.

हरिभाऊ आपट्यांची वाट थोडी निराळी होती. त्यांचे 'करमणूक' हे साप्ताहिक १८९० साली निघाले आणि सुमारे सत्तावीस वर्षे चालले. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः आली. कादंबरी तोडून तोडून देण्याची ही युक्ती युरोपात जुनीच होती. यमूचे पुढे काय झाले, हे कळण्यासाठी ज्या घरात वर्तमानपत्राला हात लावीत नसत त्या घरांतही पुढल्या अंकाची वाट पाहणे सुरू झाले. आणि वाट पाहणारा वाचक वर्गणी चुकवीत नाही. स्त्रियांच्या दुःखाची कहाणी स्त्रियांपर्यंत पोचली ती या रस्त्याने.

काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांनी १८९५ च्या जानेवारीत मुंबईस 'मासिक मनोरंजन' काढले. बंगालीच्या प्रेमाने त्यांनी 'मित्र' हे आडनाव घेतले आणि त्याच नावाने ते ओळखले जातात. त्यांनी १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला, आणि आज शेकड्यांनी निघणाऱ्या दिवाळी अंकांची परंपरा तेथून सुरू झाली. या अंकाकडे आपण वाङ्मयाचा उत्सव म्हणून पाहतो. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर वर्षातील ज्या पंधरवड्यात गिऱ्हाईकाच्या हातात पैसा खुळखुळतो, त्याच पंधरवड्यात जाहिरातदारास जाडजूड, महिनोन्‌महिने घरात राहणारा अंक देऊ करणे ही मित्रांची मोठी सूझ होती. औषधे, तेले, पुस्तके, कापड यांच्या जाहिरातींनी जुनी मासिके भरलेली असत. डोंगऱ्यांचे बालामृत आणि अमृतांजन यांनी मराठी वाङ्मयाची जी अप्रत्यक्ष सेवा केली तिच्यावर अद्याप कोणी प्रबंध लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

जाहिरात घ्यावी की न घ्यावी, हा वादही जुना. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत १९०३ साली सुरू झालेल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये आपली जवळजवळ सारी शिल्लक ओतली. प्रथम त्यात जाहिराती होत्या आणि छापखाना बाहेरचे कामही घेई. पुढे त्यांनी दोन्ही बंद केले. पत्र वाचकांच्या वर्गणीवरच जगले पाहिजे, नाहीतर त्याने मरावे, असा त्यांचा एकूण रोख. १९०४ साली त्यांनी छापखाना शहरातून उचलून फिनिक्सच्या शेतावर नेला, म्हणजे काम करणाऱ्यांनी जमिनीच्या तुकड्यावर राहावे व थोडक्यात भागवावे. याच्या अगदी उलट टोकास किर्लोस्करवाडी. तेथे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाली ती मुळात नांगर व यंत्रे यांची माहिती शेतकऱ्यांस व्हावी म्हणून. म्हणजे आरंभी मासिक हीच कारखान्याची जाहिरात. परंतु शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले रसिक गृहस्थ. त्यांच्या हाती त्या खबरेचे घरोघर वाचले जाणारे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे निघाली. फिनिक्सचा मार्ग श्रेष्ठ की वाडीचा, याचा निवाडा मी करणार नाही. ज्याच्यामागे कारखाना नाही व महात्म्याची तपश्चर्याही नाही, अशा सामान्य माणसाचे काय, हा माझा प्रश्न आहे.

आणि ज्याला जाहिरात देऊनही घेत नाहीत त्याचे काय? डॉ. आंबेडकरांचे 'मूकनायक' पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. शाहू महाराजांनी त्यास अडीच हजार रुपयांचे साह्य केले म्हणून ते उभे राहू शकले. त्या पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, असे आंबेडकरांच्या पुढल्या पत्रातच नमूद आहे. लवकरच ते शिक्षण पुरे करण्यासाठी विलायतेस गेले, आणि त्यांच्या गैरहजेरीत पत्र फार दिवस टिकले नाही. ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. ते जवळजवळ सारे एकट्याने, रात्री जागून लिहावे लागे. ज्यांच्यासाठी पत्र, त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नाही. ज्यांना आहे त्यांच्याजवळ पैसा नाही. आणि ज्यांच्याजवळ पैसा आहे ते घेणार नाहीत. या तिहेरी कुंपणात सापडलेल्या संपादकाने शेवटी वाचकांनाच विचारले, की या पत्रावर झालेले ऋण हे तुम्हां सर्वांचे ऋण नव्हे काय? १९२९ च्या नोव्हेंबरात ते बंद पडले. मराठी नियतकालिकांच्या जमाखर्चात याहून जड ओळ मला दिसत नाही.

शहराबाहेरच्या माणसासाठी माझ्यापाशी दोन उदाहरणे आहेत. एक टिकल्याचे, दुसरे न टिकल्याचे.

नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केले आणि पुढे ते या खेड्यातून चालविले. मुकुंदराव हे कृष्णराव भालेकरांचे पुत्र. या भालेकरांनीच १८७७ साली पुण्यास 'दीनबंधु' काढले होते. पैशाअभावी ते त्यांच्या हातून सुटले व १८८० मध्ये मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनी सांभाळले. बापाचे पत्र शहरात तीन वर्षांत थकले. मुलाचे पत्र खेड्यात १९६७ पर्यंत, त्याच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे चालले. असे का व्हावे? माझ्या मते याचे पहिले कारण खर्च. खेड्यात घरभाडे नाही, चार नोकर नाहीत, भाकरी घरची. दुसरे कारण वाचक. सत्यशोधक समाजाची माणसे गावोगाव होती आणि तीच अंक वाचीत, वाचून दाखवीत व वर्गणीदार जोडीत. एक प्रत चावडीवर दहाजण ऐकत. यात खप वाढत नाही हे खरे, पण पत्राची मुळे खोल जातात. तिसरे कारण मुकुंदरावांची स्वतःची लेखणी. 'कुलकर्णी लीलामृत' लिहिणाऱ्या माणसाची भाषा शेतकऱ्याला आपली वाटे. विद्वानांना ती ग्राम्य वाटे, आणि त्याने पत्राचे काही बिघडले नाही.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे. बिलासपूरच्या उत्तरेस पेंड्रा नावाचे डोंगराळ, जंगलमय जमीनदारीचे ठिकाण होते. आज ते छत्तीसगडात मोडते. तेथे माधवराव सप्रे नावाचे तरुण मराठी पदवीधर राजकुमाराचे शिक्षक म्हणून गेले. पगारातून शिल्लक टाकून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. सहसंपादक रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले आणि भाषा हिंदी. कारण ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्या भाषेत लिहावे, एवढी साधी समज त्यांना होती. पेंड्र्यात छापखाना कोठला? पहिल्या वर्षी अंक रायपुरास छापला, पुढे नागपूरच्या 'देशसेवक' छापखान्यात. मजकूर जंगलातून शहरात जावयाचा, मुद्रिते तिकडून इकडे यावयाची, दुरुस्त होऊन पुन्हा जावयाची, आणि मग छापलेले अंक निघावयाचे. धानोऱ्यास राहणाऱ्या माणसाला ही ओढाताण समजावून सांगावी लागत नाही.

मासिक मात्र फार चांगले निघाले. हिंदीत ग्रंथपरीक्षणाची शिस्त बसविण्याचे श्रेय त्याला देतात. सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट, जिला हिंदीतील अगदी पहिल्या कथांत गणतात, ती याच मासिकात १९०१ साली आली. जाणत्यांनी वाखाणले. परंतु वाखाणणे आणि वर्गणी पाठविणे यांत अंतर असते, आणि परीक्षणांसाठी फुकट येणाऱ्या पुस्तकांनी छापखान्याचे बिल भागत नाही. ज्या छत्तीसगडाचे नाव पत्रावर होते तेथे वाचणारे थोडे. जेथे वाचणारे होते त्या काशी-प्रयागात हे पत्र दूरचे. तीन वर्षे तोटा सोसून १९०२ च्या डिसेंबरात ते बंद करावे लागले. सप्रे खचले नाहीत. नागपुरास येऊन त्यांनी ग्रंथमाला काढली, १९०७ मध्ये 'हिंदी केसरी' काढला, त्यापायी १९०८ साली अटक भोगली, आणि पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले. पण पेंड्र्याचे मासिक पुन्हा निघाले नाही. त्या काळी आणखी दोन-तीनशे घरांनी वर्षाची वर्गणी वेळेवर टाकली असती तर एका वनप्रदेशाचे स्वतःचे पत्र कदाचित उभे राहिले असते. हे वाक्य लिहिताना मला माझाच तालुका डोळ्यांपुढे दिसतो.

सप्र्यांच्या आणि मुकुंदरावांच्या पत्रांत गुणवत्तेचा फरक काढू नये. फरक आहे तो वाचकाच्या अंतराचा. तरवडीचा वाचक तरवडीच्या आसपास होता, आणि त्याला एकत्र आणणारी चळवळ आधीच होती. पेंड्र्याचा वाचक पेंड्र्यात नव्हता, आणि त्याला एकत्र आणण्याचे काम मासिकानेच करावयाचे होते. जे पत्र आधीच जमलेल्या माणसांसाठी निघते त्याचा निम्मा खर्च वाचतो.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात आज जी लहान साप्ताहिके निघतात त्यांचा हिशेब वर्गणीवर चालत नाही. सरकारी नोटिसा, न्यायालयीन प्रसिद्धी-सूचना, १५ ऑगस्ट आणि दिवाळीच्या शुभेच्छा यांवर त्यांचे वर्ष निघते. शुभेच्छा देणाऱ्याविरुद्ध पुढल्या आठवड्यात काय लिहावे, ही अडचण मग येतेच. परंतु वनहक्क कायद्यानंतर येथे एक नवा जाहिरातदार उभा राहिला आहे. आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाले, आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांना ते मिळत गेले. ज्या ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव आता स्वतः करतात, त्या त्यासाठी वर्तमानपत्रांत निविदेची जाहिरात पैसे मोजून देतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर माझा विश्वास बसला नसता. जाहिरातीचा दर, स्तंभाची रुंदी, कोणत्या पत्राचा खप किती, याची चर्चा आता गोंडी बोलणाऱ्या माणसांच्या बैठकीत होते. ठेकेदार दूरचे असल्यामुळे जाहिरात जाते ती मोठ्या शहरांच्या दैनिकांकडे. आणि ते दैनिक त्याच गावात पुष्कळदा दुपारच्या बसने, गठ्ठ्यात दोन-तीन प्रती उरल्या तर, येते.